वाशीतलं विगचं दुकान आणि डोक्यावरची ओढणी

या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा ताईंनी टेप हातात घ्यायच्या आधी विचारलं, "डोक्यावर पदर किंवा ओढणी घेता का तुम्ही?" त्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. तिथं बजेट विचारलं, लांबी विचारली, रंग विचारला. हे कुणी विचारलं नव्हतं. मी ख्रिस्ती आहे. आमच्या मंडळीत बायका ओढणीशिवाय उपासनेला बसत नाहीत, आणि केस गेल्यापासून माझ्या मनात सगळ्यात आधी तोच प्रश्न होता. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. केमोनंतर विग शोधणाऱ्या कुठल्याही बाईला याचा उपयोग होईल, पण आमच्यातल्या बायांची अडचण निराळी असते, तेव्हा त्यांच्यासाठी जास्त लिहिलंय.

दुकान सेक्टर १७ मध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. खालून पाटी पटकन दिसत नाही, दोनदा फिरावं लागलं. फोन करून वेळ घेऊनच जा, कारण ताई एका वेळी एकाच बाईला घेतात. आतल्या खोलीला कडी आहे आणि आरशावर पडदा आहे. विग बसवून झाला की पडदा त्या सरकवत नाहीत, आपला आपण सरकवायचा. मला तो सरकवायला दहा-बारा मिनिटं लागली. तोवर त्या शांतपणे दुसऱ्या विगचे केस विंचरत बसल्या होत्या.

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माहेर नगरचं. ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये लहानपण गेलं. आई शिक्षिका, तिचे केस खांद्यापर्यंत कापलेले, चर्चला जाताना डोक्यावर पदर, बस. लग्न होऊन कोपरखैरण्याला आले आणि सासरच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळीत सामील झाले. इथं बायका केसांना कात्री लावत नाहीत. आधार बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायाचा. तिथं प्रेषित पौल म्हणतो की लांब केस हे स्त्रीचं भूषण, ते तिला आच्छादन म्हणून दिलेत. आणि प्रार्थना करताना जी डोकं झाकत नाही तिनं जणू मुंडणच केलंय. मला हे कुणी जबरदस्तीनं करायला लावलं नाही. मी मनापासून केलं. चोवीस वर्षं कात्री लावली नाही. वेणी कमरेच्या खाली जायची, न्हायले की वाळायला अर्धा दिवस लागायचा. मी डब्यांचा व्यवसाय करते, सकाळी पाचला तवा तापतो, तरी रोज आधी वेणी, मग कणीक.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये खारघरला टाटात केमो सुरू झाली. तिथल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी समजावलं, लाल औषध आहे, दोन-तीन आठवड्यांत केस जातील, लांब आहेत तर आधीच कापून घ्या. घरी आल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, कापू नका, विश्वास धरा, प्रभू राखेल. मी धरला. सतराव्या दिवशी अंबाडा सोडला तर तो सुटेना. गळलेले केस न गळलेल्यांत अडकून मधोमध जट झाली होती, दगडासारखी घट्ट. तेल लावलं, कंडिशनर लावला, दोन तास शेजारीण बसली होती माझ्यामागे. ती वसईची, कॅथलिक. शेवटी तिनंच भाजी चिरायची कात्री आणली. जट कापून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला न दाखवता खाली घेऊन गेली.

हे इथं का लिहितेय? दुकानातल्या ताईंनी ही हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, "अरेरे, आधी कापून वेणी आणली असती तर पुढचा भांग आणि कपाळावरची रांग तुमच्याच केसांची करून दिली असती." अख्खा विग एका वेणीत होत नाही, सव्वाशे ते दीडशे ग्रॅम केस लागतात आणि वेणी त्यापेक्षा कमी भरते, पण समोरून दिसतो तेवढा भाग तरी आपल्या केसांचा होतो. तर माझं हात जोडून सांगणं आहे: लांब केस असतील आणि डॉक्टरांनी केस जाणार म्हणून सांगितलं असेल, तर पहिल्या केमोआधी किंवा लगेच नंतर घट्ट वेणी घालून, वर-खाली रबर लावून, वरच्या रबराच्या वरून कापा आणि कोरडी ठेवा. ओली वेणी बांधून ठेवली की बुरशी धरते. आणि कुणी बायबलमधलं वचन दाखवून अडवलं तर त्यातल्याच गणना पुस्तकाचा ६ वा अध्याय वाचा. नाजीराचं, म्हणजे देवाला वाहून घेऊन केस न कापण्याचं, व्रत पुरुषालाही घेता येत होतं आणि स्त्रीलाही, तसं तिथं स्पष्ट लिहिलंय. व्रत पुरं झालं की दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दारी डोकं मुंडायचं आणि केस अर्पणाच्या अग्नीवर ठेवायचे. पवित्र शास्त्रात मुंडलेलं डोकं प्रत्येक वेळी लाजेचंच नसतं.

तर विग. पहिला मी ऑनलाइन मागवला होता, ३,२०० रुपयांचा, सिंथेटिक. फोटोत छान. तिसऱ्या दिवशी पोळ्या करताना तव्याच्या वाफेनं पुढची बट आखडून प्लास्टिकच्या दोऱ्यासारखी झाली. सिंथेटिक धाग्याला आच सोसत नाही, हे पॅकेटवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. ऑफिसात एसीत बसणाऱ्या बाईला तो चालेल, हलका असतो, धुतला तरी आकार धरून ठेवतो. गॅससमोर उभं राहणारीनं घेऊ नये.

ताईंनी मला माणसाच्या केसांचे दोन विग हातात दिले आणि डोळे मिटून बोटं फिरवायला सांगितलं. एक मुळाकडून टोकाकडे गुळगुळीत, उलट फिरवला की किंचित खरखरीत. दुसरा दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत, अगदी रेशमी. मला दुसरा आवडला. त्या म्हणाल्या, फसू नका, हा गुंतवळाचा आहे. आपल्याकडे फेरीवाले भांड्यांवर गुंतवळ घेतात ना, तेच केस. त्यात कुणाचं मूळ वर, कुणाचं टोक वर. केसावर माशासारखे खवले असतात, ते उलटसुलट लागले की केस एकमेकांत अडकतात. मग खवले ॲसिडनं काढून वर सिलिकॉन चढवतात. दहा धुण्यांत सिलिकॉन उतरतं आणि पुन्हा गुंतवळ. पहिला होता तो रेमी, म्हणजे डोक्यावरून एकदम काढलेल्या केसांचा, सगळी मुळं एका दिशेला.

मी विचारलं, डोक्यावरचे इतके केस एकदम कोण देतं?

"तिरुपती," त्या म्हणाल्या. सरळ. आधीच्या एका दुकानात असाच विग मला 'युरोपियन केस' म्हणून दाखवला होता. किंमत दीडपट आणि वर ते नाव. या ताईंनी आडपडदा ठेवला नाही: तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक केस देतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, तिथून ते कारखान्यात येतात. मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा. मंदिराबाहेर दान केलेले केस मागवता येतात, दोन महिने लागतील." विकणाऱ्यानं असं बोलायला काळजाची सच्चाई लागते. माझे पाच स्टार मुख्यतः याला आहेत.

मी त्या दिवशी विग न घेता परत आले.

कारण ज्या पत्रात केसांचं लिहिलंय त्याच पत्रात, तीन अध्याय आधीपासून, मूर्तींना वाहिलेल्या मांसाचं लिहिलंय. करिंथच्या बाजारात विकलं जाणारं मांस बरेचदा देवळातूनच आलेलं असायचं. पौल म्हणतो, मूर्ती काही नाही, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण कुणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर ज्यानं सांगितलं त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि मी चौकशी केली होती, मला सांगितलंही गेलं होतं. माझ्या मुलानं शोधून दाखवलं की हा प्रश्न यहुदी लोकांनाही पडला होता. त्यांच्या सनातनी पंथात लग्न झालेल्या बायका केस झाकायला विग घालतात. २००४ मध्ये इस्रायलच्या एका मोठ्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, हिंदू मंदिरात अर्पण केलेल्या केसांचे विग निषिद्ध ठरवले, तेव्हा जेरुसलेमपासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनपर्यंत बायकांनी महागडे विग रस्त्यावर जाळले. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या स्वतःच्या विवेकाचं मी बघून घेतलं असतं. पण पौल दुसऱ्याच्या विवेकाचं म्हणतो, आणि माझ्या घरात तो दुसरा म्हणजे सासूबाई. सत्तरीच्या, रोज पहाटे चारला गुडघ्यावर बसणाऱ्या. त्यांना दुखवून मी तो विग घालणार नव्हते. रात्री जेवणं झाल्यावर सगळं सांगितलं. म्हटलं, "आई, तुम्ही नको म्हणालात तर नको."

त्या बराच वेळ बडीशेप निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "केस देणारी ती बाई, तिनं कशासाठी दिलं आसंल गं?" मी म्हटलं, नवस असेल. लेकराचा, नवऱ्याच्या दुखण्याचा. "मग माझ्यात न् तिच्यात फरक देवाच्या नावाचा. दुखणं तेच. तुझ्यासाठी मी एकवीस उपास केलं, तिनं केस दिलं. ते केस तुझ्या डोक्याला लागले तर काय बाटणार न्हाई. प्रभूचे आभार मानून घाल." त्यांचं पुढचं वाक्य मी विसरणार नाही: "आमच्या आजीनं बघितलेली डोस्की तू बघितली आसतीस तर तुला येवढा घोर लागला नसता."

सासूबाईंची आजी १८९७ च्या दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली, सहा-सात वर्षांची असताना. तिथं केशवपन केलेल्या विधवा होत्या. न्हाव्यापुढं बसवून ज्यांचं डोकं दर महिन्याला भादरलं जायचं, ज्यांचं तोंड सकाळी बघणं अशुभ मानायचे, अशा बायका. आजी त्यांच्या पंगतीत जेवली, त्यांच्या कुशीत झोपली. रमाबाईंचा फोटो आमच्या घरात आहे, पांढरं लुगडं आणि आखूड कापलेले केस. तो फोटो मी चोवीस वर्षं बघत आले आणि केसांकडे कधी लक्षच गेलं नाही! १९०५ मध्ये मुक्तीत जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं ते भारतातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या अगदी आरंभातलं मानतात, आमचे पाळकही उपदेशात त्याचा दाखला देतात. आत्मा उतरला तेव्हा त्या प्रार्थनेला बसलेल्या बायांत एकेकाळी मुंडलेली डोकी होती. हे मला कुणी मंडळीत सांगितलं नाही. एका विगपायी सासूबाईंकडून कळलं.

पुढच्या आठवड्यात विग घेतला. २७,००० रुपये, अठरा इंच, नैसर्गिक काळा. वरचा भाग बारीक जाळीचा, त्यावर एकेक केस हातानं गाठलेला, त्यामुळे भांगात कातडी दिसल्यासारखी दिसते. मागं मशीनच्या पट्ट्या. केस गेल्यावर डोकं अर्ध्या इंचानं बारीक होतं, म्हणून पूर्वीचं माप सांगू नका, नव्यानं घ्यायला लावा. आतून सुती टोपी घालायचीच. केमोच्या दिवसांत टाळू इतकी हुळहुळी असते की टोपीची शिवणसुद्धा टोचते. ताईंनी टोपी उलटी घालायला सांगितली, शिवण बाहेर. एवढ्याशा गोष्टीनं माझी झोप परत आली.

आता ओढणी. केसावर ओढणी टिकते कारण केस डोक्याला धरून असतात. विगवर जॉर्जेटची ओढणी घेतली की उभं राहताच मागे जाते, आणि जाताना विगही ओढते. आमच्याकडे स्तुतीच्या वेळी हात वर करतात. हात वर गेले की खांद्यावरची ओढणी ताणली जाते आणि कपाळावरची कड बोटभर मागे सरकते. पहिल्या रविवारी हे झालं तेव्हा मी हात खाली घेतले ते शेवटपर्यंत वर केले नाहीत. घरी येऊन रडले. सोमवारी ताईंना फोन केला, त्यांनी ओढणी घेऊनच बोलावलं. समोर उभं करून हात वर करायला लावले. मग ओढणीच्या मधल्या दीड वितीवर काठाच्या आतून काळ्या मखमलीची बोटभर पट्टी शिवली, मखमल केसाला धरते. विगच्या आत कानांच्या वर दोन टिकटॉक क्लिप लावल्या. आणि सांगितलं, ओढणी केसांना पिन करू नका, ड्रेसला खांद्यावर दोन्हीकडे ढिली पिन करा, म्हणजे ताण खांद्यावर जाईल. या कामाचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या रविवारी मी हात वर केले.

कॉटनचा पदर असेल तर मखमलही लागत नाही. सिल्कला लागते.

शेजारीण हे सगळं बघून म्हणाली, "आमच्याकडे हे कधीच गेलं." तिच्या आजीच्या काळी बाई उघड्या डोक्यानं मिस्साला बसत नसे, १९१७ च्या कॅथलिक कायदेसंहितेत तसं कलमच होतं, १९८३ च्या नव्या संहितेत ते घेतलं नाही. ती वाशीच्या सेक्रेड हार्ट चर्चला बॉबकट करून जाते. पौल तोच, पत्र तेच. मी ओढणी सोडणार नाही, मला ती प्रिय आहे. पण तिच्या मोकळ्या डोक्याबद्दल पूर्वी मनात जे यायचं ते आता येत नाही. माझी जट तिनं उचलली होती.

वापराचं थोडं. मे महिन्यात नेरूळहून ठाण्याची ट्रेन गर्दीची असेल तर आत घाम धरतो, टोपी बदलायला जवळ ठेवा. स्वयंपाकाला मी विग काढून रुमालच बांधते. माणसाच्या केसालाही रोजची फोडणी सोसत नाही, वास धरतो. पंधरा दिवसांनी धुवायचा, चोळायचा नाही, वरून खाली पाणी सोडायचं, टोकाकडून विंचरत वर यायचं. खोबरेल लावायचं नाही! आपला हात आपोआप बाटलीकडे जातो, पण गाठी सैल होऊन केस सुटतात. पावसाळ्यात वाळायला पुरता एक दिवस धरा. मी दोन वर्षं वापरला, आता पुढची रांग विरळ झालीय. माझे स्वतःचे केस केमो संपल्यावर दोन महिन्यांत दिसू लागले, कुरळे आले, आता हनुवटीच्या खाली आहेत. तरी उपासनेला कधी कधी विग घालते.

तक्रारी दोन. भांग फार सरळ आणि रुंद होता, पट्टीनं आखल्यासारखा; तो बारीक करून घ्यायला तीन आठवडे लागले, कारण गाठणारी बाई एकच आहे. आणि हप्त्यांची सोय नाही. उपचारात घर रिकामं झालेलं असतं, तेव्हा २७,००० एकरकमी काढणं फार जड जातं. ताईंनी याचा विचार करावा ही मनापासून विनंती. जिला शक्य नाही तिला त्या फुकट विग देणाऱ्या संस्थांचे नंबर देतात, हेही सांगायला हवं.

आणि एक. माझा मुलगा, आता एकवीसचा, माझी पहिली केमो झाली त्या दिवसापासून केस कापत नाहीये. दान करायला बऱ्याच ठिकाणी निदान बारा इंच लागतात. मंडळीत त्याला वचन दाखवलं गेलं, त्याच अध्यायातलं, पुरुषानं लांब केस राखणं त्याला लाजिरवाणं आहे. एकदा सर्वांसमोर. त्याचे कान लाल झाले, पण उलट बोलला नाही. घरी येऊन त्यानं प्रेषितांची कृत्ये १८:१८ उघडून माझ्यासमोर ठेवलं. पौलानं स्वतः नवस केला होता आणि तो फेडताना केस कापले, तेही किंख्रिया बंदरात. किंख्रिया म्हणजे करिंथचंच बंदर. ज्या गावाला केसांचं पत्र लिहिलं त्याच गावच्या वेशीवर पौलानं स्वतःचे वाढलेले केस उतरवले. मी पाळकांकडे गेले आणि म्हटलं, साहेब, हा शौक नाही, याला शेवट आहे, बारा इंच झाले की तो कापणार आहे. ते म्हणाले, विचार करतो. अजून करताहेत. मुलगा मागच्या बाकावर बसतो, मी त्याच्या शेजारी बसते.

गेल्या शनिवारी विगची पुढची रांग भरून घ्यायला दुकानात गेले तेव्हा तोही आला होता. ताईंनी त्याला स्टुलावर बसवलं, मानेशी रबर बांधला आणि रबरापासून टेप लावली. साडेदहा इंच. त्यांनी वहीत त्याचं नाव लिहिलं आणि पुढे तारीख घातली, डिसेंबरची.